जळालेल्या पाचटाचे काळे चौकोन

भूगोलातल्या एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी निपाणी ते कणकुंबी हा पट्टा घेतला होता. एका टोकाला तंबाखू आणि ऊस, दुसऱ्या टोकाला मलप्रभेच्या उगमाकडचं दाट जंगल. जानेवारीतली सेंटिनेल-२ या उपग्रहाची एक निरभ्र प्रतिमा उतरवली, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठे काय आहे याचे नमुने देऊन वर्गीकरण केलं. नकाशा देखणा आला. फक्त निपाणीकडच्या शिवारात मधे मधे काळपट चौकोन होते. काही संगणकाने पाणी म्हणून रंगवले होते, बाकीचे पडीक म्हणून.

जीपीएस घेऊन त्यातल्या एकावर गेलो. बांधावर एक शेतकरी होते. "काका, हे रान पड टाकलंय का?"

"पड कुठलं? ऊस गेला कारखान्याला, पाचट पेटवलं. आता खोडवा धरणार."

जळालेलं पाचट जवळचा अवरक्त प्रकाश (तांबड्याच्या लगत पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा) फारच कमी परत पाठवतं, पाणीही तसंच. एका तारखेच्या प्रतिमेत संगणकाला एवढंच दिसतं. हेच रान ऑक्टोबरमध्ये गर्द हिरवं होतं आणि एप्रिलमध्ये खोडव्याने पुन्हा हिरवं झालेलं. म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: पावसाळ्यानंतरची, हिवाळ्यातली आणि उन्हाळ्यातली अशा किमान तीन तारखा घ्या, प्रत्येकीचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक, काढा आणि तिन्ही एकावर एक ठेवून बघा. सेंटिनेल-२च्या प्रतिमा मोफत मिळतात, दृश्य आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांत १० मीटरचा तपशील असतो. जून ते सप्टेंबर मात्र कणकुंबीच्या खानापूर तालुक्यावर ढगच ढग. तेव्हा सेंटिनेल-१ या दुसऱ्या उपग्रहाचं रडार कामी येतं, ते ढगांपलीकडचं बघतं.

एप्रिलमध्ये उसाचं रान आणि कणकुंबीचं सदाहरित जंगल दोन्ही हिरवीच दिसतात. तिथे एसआरटीएम या रडार-मोजणीतल्या, ३० मीटर तपशिलाच्या, जमिनीच्या उंचीच्या माहितीवरून काढलेला उतार जोडला, तेव्हा बराच गोंधळ मिटला. जांभ्याचा उघडा माळ आणि बेळगावची वस्ती यांची गल्लत मात्र उताराने सुटत नाही. त्यांचे नमुने वेगवेगळे आणि भरपूर द्यावे लागले.

भूरूपं ओळखताना डोळा फसतो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सेंटिनेल-२ सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. हिवाळ्यात तेव्हा ऊन आग्नेयेकडून येतं आणि सावल्या वायव्येला पडतात. प्रतिमेत उत्तर वर असते, म्हणजे ऊन खालच्या बाजूने येतं; आपल्या डोळ्याला मात्र उजेड चित्राच्या वरच्या बाजूने येतो असं गृहीत धरायची सवय, त्यामुळे डोंगराची धार दरीसारखी भासते. गोकाकच्या क्वार्टझाइटच्या रांगा मी दोन दिवस उलट्या वाचत होतो. घटप्रभा रांगेच्या माथ्यावरून वाहताना दिसली, तेव्हा चूक कळली. आता मी ३१५ अंशांवरून, म्हणजे वायव्येकडून, उजेड टाकलेला छायोतार नकाशा (उंचीच्या माहितीवरून काढलेला छाया-प्रकाशाचा नकाशा) शेजारी उघडा ठेवतो आणि आधी नदी शोधतो.

अचूकता तपासायचे बिंदू वर्गीकरणाच्या नमुन्यांत अजिबात मिसळू नका, नाहीतर टक्केवारी उगाच फुगते. बिंदू गोळा करायला जाल तेव्हा वहीत गावाचं नाव मराठी आणि कन्नड दोन्ही उच्चारांत लिहा. रान आज कसं आहे यासोबत गेल्या दिवाळीला तिथे काय उभं होतं, तेही मालकाला विचारून घ्या.