‘तुमची मुलगी व्हिज्युअल लर्नर आहे’: पैसे भरण्याआधी दावा कसा तपासाल?

भाचीने एका ऑनलाइन क्लासच्या डेमोत चाचणी दिली आणि निकाल आला: व्हिज्युअल लर्नर, म्हणजे बघून जास्त चांगलं शिकणारी. म्हणून व्हिडिओंचा खास कोर्स, त्याचे पैसे वेगळे. चाचणीत विचारलं होतं, नवा खेळ शिकताना तुला काय आवडतं: बघणं, ऐकणं, वाचणं की खेळून पाहणं? आवड विचारली की उत्तर आवडीचंच येणार. आवडतं ते लक्षात राहतंच असं नाही, हे सिनेमाची गाणी पाठ असणाऱ्या कुठल्याही दहावीच्या मुलाच्या आईला विचारा.

तीच चाचणी दोन आठवड्यांनी पुन्हा द्यायला लावा, आधीचा निकाल न दाखवता. शिक्का बदलला तर विषय तिथेच मिटला.

नाही बदलला, तर घरी प्रयोग करा. त्यासाठी दोन मुलं लागतात, एक ‘बघून शिकणारं’ आणि एक ‘वाचून शिकणारं’. शेजारचं मूल चालेल, इयत्ता मात्र एकच हवी. विज्ञानाच्या पुस्तकातले अजून न शिकवलेले, साधारण सारख्या अवघड असे चार भाग निवडा. दोन भाग दोघांनी व्हिडिओवर बघायचे, दोन वाचायचे, वेळ सारखाच. आठवड्याने प्रत्येक भागावर दहा प्रश्न, कागदावर. लगेच परीक्षा घेऊ नका, ताजं ताजं सगळ्यांनाच आठवतं.

आता खरी गोम. दोघांनाही व्हिडिओवर जास्त गुण पडले, तर ते व्हिडिओ चांगले आहेत, एवढंच कळलं. दावा खरा ठरायला पहिल्याला व्हिडिओने आणि दुसऱ्याला वाचनाने जास्त गुण पडायला हवेत. २००८ साली मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन याच कसोटीवर तपासलं, तेव्हा दाव्याला पुरेसा आधार सापडला नाही. दोन मुलांवरून तुम्हीही काही सिद्ध करणार नाही म्हणा, पण विक्रेत्याला काय विचारायचं ते कळेल: ‘उलट पद्धतीने शिकवलेल्या मुलांचे गुण दाखवा.’

शेवटी क्लासच्या अ‍ॅपलाच परीक्षेला बसवा. मुलाच्या खात्यातून मुद्दाम चूक करा: १/२ + १/३ = २/५. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, ही वर्गावर्गांत दिसणारी चूक. मुलाप्रमाणे बदलणारं अ‍ॅप ती ओळखेल, छेद समान करण्याचं एखादं सोपं उदाहरण पुढे टाकेल आणि दोन-चार दिवसांनी तेच पुन्हा विचारेल. तीन-चार वेळा वेगवेगळ्या चुका करून बघा आणि दर वेळी पुढे काय आलं ते वहीत लिहा.

भाचीच्या खात्यात आम्ही हे केलं. अ‍ॅपने ‘हरकत नाही!’ म्हणत पिझ्झाच्या तुकड्यांचा आधीचाच व्हिडिओ पहिल्यापासून लावला.