ऑटोमॅटिक गाडीतला मॅन्युअल मोड उतारावर वापरा

ऑटोमॅटिक गाडी घेतलेले बरेच जण गिअर लिव्हरजवळच्या प्लस-मायनसला, म्हणजे आपण स्वतः गिअर वर-खाली करायच्या मॅन्युअल मोडला, कधी हातच लावत नाहीत, पण लांब उतारावर त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. डी मध्ये, म्हणजे गाडी स्वतः गिअर बदलते त्या नेहमीच्या मोडमध्ये, ठेवून उतरलात तर गाडी बऱ्याचदा वरचाच गिअर धरून ठेवते, मग वेग वाढतो आणि तुम्ही सारखा ब्रेक दाबत बसता, ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि पेडल दाबलं तरी गाडी पाहिजे तशी थांबत नाही, हे खरंच धोक्याचं आहे.

म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करा, लिव्हर मॅन्युअलला घ्या आणि मायनस करून तिसरा किंवा दुसरा गिअर टाका. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडीला मागे ओढतं. आरपीएमचा (इंजिन मिनिटाला किती वेळा फिरतं त्याचा) काटा तीन-साडेतीन हजारावर जाईल, आवाज वाढेल, घाबरू नका, इंजिनला काही होत नाही. उलट अशा वेळी आजकालच्या गाड्यांत पेट्रोल-डिझेलचा पुरवठाच बंद होतो. वेग जास्त असताना खालचा गिअर मागितला तर गाडी स्वतःच नकार देते, त्यामुळे चुकून काही मोडेल ही भीती नको. ब्रेक मात्र अधूनमधून नीट दाबून सोडायचा, सतत पाय ठेवून नाही.

ओव्हरटेकच्या आधी एक मायनस केला तरी पिकअप लगेच मिळतो. सिग्नलच्या गर्दीत मात्र डी च बरा.