कोळी दिसला, चावला, फोड आला: या चुका टाळा

पावसाळा लागला की भिंतीवरच्या कोळ्यांचे फोटो फोनवर येऊ लागतात आणि खाली एकच ओळ असते: 'विषारी आहे का?' विष जवळपास प्रत्येक कोळ्याकडे असतं, त्याशिवाय त्याला भक्ष्य गारद करता येत नाही. विचारायचं ते हे, की त्या विषाने माणसाच्या जिवाला धोका आहे का. आपल्या घरांत रोज दिसणाऱ्या कोळ्यांपुरतं उत्तर स्वच्छ 'नाही' आहे. घाबरून केलेल्या उपायांनी मात्र माणसांना खरोखर इजा होते.

आकारावरून धोका ठरवणं

सगळ्यात जास्त चपला ज्याच्यावर पडतात तो म्हणजे हंट्समन. तपकिरी, चपटा, खेकड्यासारखे पाय बाजूला पसरून भिंतीला चिकटलेला, पायांसकट जवळजवळ तळहाताएवढा. हा जाळं विणत नाही. रात्री बाहेर पडतो आणि झुरळं धरतो. कधी त्याच्या पोटाखाली रुपयाच्या नाण्यासारखी पांढरी चपटी चकती दिसते. ती मादी असते आणि ती चकती म्हणजे तिची अंड्यांची पिशवी. पिल्लं बाहेर येईपर्यंत ती घेऊन फिरते. हाताने दाबलात तर हंट्समन चावेल, दुखेल, थोडं सुजेल आणि बरं होईल. एरवी तो तुमच्यापासून पळतच असतो.

छताच्या कोपऱ्यात लांब काडीसारख्या पायांचा कोळी उलटा लटकलेला असतो. त्याला फुंकर मारा, अख्खं जाळं गदागदा हलवायला लागेल. 'जगातला सर्वात विषारी, पण दात लहान' असा मेसेज याच्याबद्दल वर्षानुवर्षं फिरतोय, त्यात काही तथ्य नाही. त्याच्या जाळ्यात डास अडकतात, हे मात्र खरं.

खिडकीच्या चौकटीवरचा, अंग वळवून तुमच्याकडे टक लावून बघणारा आणि टुणकन उडी मारणारा छोटा तो जम्पिंग स्पायडर. पुढचे दोन डोळे मोठे, म्हणून बघणं इतकं स्पष्ट. ठाणे-कल्याण परिसरात सापडलेल्या याच कुळातल्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी 'आयशियस तुकारामी' असं नाव दिलं, 26/11च्या हल्ल्यात कसाबला धरून ठेवताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. त्याच कुळातल्या एखाद्या कोळ्याला झाडूने चिरडण्याआधी एवढं आठवावं असं मला मनापासून वाटतं.

जंगलवाटेवर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोंडावर येणारं सोनेरी जाळं जायंट वुड स्पायडरचं. मादी भलीमोठी, त्याच जाळ्यावर नर इतका बारीक की तिचं पिल्लू वाटावं. बागेत जाळ्यावर पांढऱ्या रेशमाची फुली काढून बसते ती सिग्नेचर स्पायडर. दोघींपासून भीती नाही.

प्रत्येक फोड कोळ्याच्या नावावर घालणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. सकाळी उठल्यावर मानेवर लाल, आग होणारा पट्टा, त्यावर बारीक पिवळट फोड. घरातले म्हणतात, रात्री अंगावरून कोळी गेला. कुणी नागीण म्हणतं. पावसाळ्यात आणि त्यानंतर असा पट्टा उठतो तो पुष्कळदा पेडेरस नावाच्या किड्यामुळे. ट्यूबलाइटकडे येणारा, सेंटिमीटरभर लांब, मोठ्या मुंगीसारखा किडा. केशरी अंग, काळं डोकं, मधे निळसर चमकणारे आखूड पंख. तो चावत नाही, डंखही मारत नाही. मानेवर बसला की आपण झोपेत त्याला चोळतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं दाहक द्रव्य कातडीला लागतं. आग एक-दोन दिवसांनी उठते, त्यामुळे किडा तोवर कुणाला आठवत नाही. कोपराच्या आत लागलं असेल तर हात दुमडल्यावर जिथे कातडी कातडीला टेकते तिथे दुसरा तसाच डाग उठतो. ही खूण दिसली तर कोळ्याचं नाव काढायचं कारण नाही.

असा किडा अंगावर दिसला तर चिरडू नका, फुंकरीने उडवा. चिरडला गेलाच तर जागा लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. पट्टा शरीराच्या एकाच बाजूला, आधी ठणका आणि मग फोड असा असेल तर खरोखर नागीण असू शकते. तेव्हा डॉक्टरकडे लवकर जायला हवं.

परदेशातल्या कोळ्याची भीती इथे आणणं

फोटो शोधताना 'ब्राऊन रेक्ल्यूज' समोर येतो आणि झोप उडते. तो अमेरिकेच्या मध्य आणि दक्षिण भागातला. तुमच्या कपाटामागे तो नाही. ओळखायचं असेल तर एका अंधुक फोटोवर विसंबू नका. पाठ, पोटाची खालची बाजू आणि जाळं, तिन्हींचे फोटो काढा. कुठे आणि किती उंचीवर होता तेही लिहून ठेवा. तज्ज्ञाला यावरूनच बरंच कळतं.

जपायला हवं तिथे न जपणं

प्लास्टिकच्या खुर्चीखाली, कुंडीच्या कडेखाली, फाटकाच्या आतल्या बाजूला विस्कटलेलं, चिवट जाळं असेल आणि त्यात काट्याकाट्यांचा गोळा टांगलेला असेल, तर तिथे हात घालू नका. तो ब्राऊन विडो नावाच्या कोळ्याच्या मादीचा अंड्यांचा कोश. तिच्या पोटाखाली केशरी, डमरूसारखी खूण असते. भारतात तिची नोंद आहे. ती लाजरी आहे, चावली तर बहुधा जागेवरच दुखतं. तरी हातमोजे घाला, लांब काडीने काढा.

दुसरे टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी. सह्याद्रीत, कोकणात मातीच्या दरडींमध्ये रेशमाने अस्तर केलेली बिळं दिसतात. त्यांत काडी घालून डिवचणं म्हणजे विनाकारण चावा ओढवून घेणं. झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या पेसिलोथेरिया या टॅरंटुलाच्या चाव्याने स्नायूंत जबर पेटके येतात आणि ते अनेक दिवस टिकू शकतात. अमेरिकेतले टॅरंटुला तळहातावर घेतलेले व्हिडिओ बघून आपल्याकडचे उचलायला जाऊ नका, हे फार चपळ आहेत आणि लगेच चावतात.

चावल्यावर चिरणं, बांधणं, चुना लावणं

2012 मध्ये आसामातल्या सदियात कोळ्यांचे थवे आल्याच्या आणि त्यांच्या चाव्याने दोघे दगावल्याच्या बातम्या देशभर गेल्या. त्याच बातम्यांत हेही होतं की दोघांना आधी मांत्रिकाकडे नेऊन ब्लेडने रक्त काढलं होतं, आणि शवविच्छेदन झालंच नव्हतं. म्हणजे कोळ्याने मारलं हे कुठेही सिद्ध झालेलं नाही.

जखम साबण-पाण्याने धुवा. कापडात गुंडाळलेला बर्फ थोड्या थोड्या वेळाने लावा. आवळून बांधू नका, चोखू नका. पेटके, दरदरून घाम, पोटात कळा, श्वासाला त्रास किंवा पसरत जाणारी सूज दिसली, किंवा चावा लहान मुलाला असेल, तर सरळ दवाखाना गाठा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन कोळ्याच्या विषावर चालत नाही, म्हणून त्याचा आग्रह धरू नका. कोळी सापडला तर मेलेला का असेना, डबीत घालून सोबत न्या.