उन्हाळी भाज्यांचे वाफे करताना या चुका टाळा

संक्रांत झाली की आम्हा नाशिककरांचे हात शिवशिवायला लागतात. डब्यातला तिळगूळ संपायच्या आत भेंडी-काकडीचं बी मातीत. पंधरा दिवसांनी तक्रारही ठरलेली, ‘बी बोगस निघालं!’

बहुतेकदा बी चांगलंच असतं, माती गार असते. जानेवारीत निफाडकडे पारा ५-६ अंशांवर येतो, शहरातही पहाटे हुडहुडी भरते. भेंडी, काकडी, दोडका, कारली यांना कोमट माती लागते. गार मातीत बी नुसतं पडून राहतं, त्यात रोज पाणी घातलं की कुजतं. थंडी ओसरू द्या, फेब्रुवारी उजाडू द्या. अगदीच राहवत नसेल तर मेथी-पालक टाका. शंका बियाण्याचीच असेल तर दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सहापेक्षा कमी उगवल्या तर पुडी बदला. कारल्याचं टरफल मात्र टणक, ते रात्रभर भिजवाच.

तोवर वाफे करा, पण वाफसा, म्हणजे माती खणण्याजोगी ओलसर झाली का, ते बघून. आपली काळी माती ओली असताना कुदळ मारली की ढेकळं निघतात आणि उन्हात त्यांच्या विटा होतात. मूठभर माती दाबा. गोळा बोटाने टोचल्यावर भुगा झाला तर खणा. बोटाला चिकटला तर दोन दिवस थांबा. एकदा रविवार वाया जाऊ नये म्हणून मी चिखलातच खणलं होतं. मार्चपर्यंत हातोडीने ढेकळं फोडत बसलो.

दुसरी खोड कच्च्या शेणखताची. ढिगात हात घातल्यावर ऊब लागली, शेणाचा वास आला, तर ते मुळं भाजणार. शिवाय त्यातून हुमणी येते: पांढरी, जाड, अर्धगोल वळलेली, तपकिरी डोक्याची अळी. झाड वरून कोमेजतं, पाणी घालूनही सावरत नाही; उपटलं तर मुळं कुरतडलेली. खत चाळून घ्या, सापडेल ती अळी वेचा. मुरलेलं खत चहाच्या चोथ्यासारखं मोकळं असतं.

आणि हो, दक्षिणेकडच्या इमारतीची सावली पडते म्हणून एखादा कोपरा आत्ताच बाद करू नका. एप्रिलमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तिथेही ऊन पोचतं. उलट आज छान उबदार वाटणाऱ्या वाफ्यावर तेव्हा हिरवी जाळी बांधावी लागेल. खांब रोवायची जागा आत्ताच सोडा, नंतर वेलांच्या मुळांवर पहार बसते.