भरलेली टाकी उचलायची नाही: फिशटँक जवळच्या जवळ हलवताना

घर बदलायचंय, पण लांब नाही. त्याच सोसायटीत एका विंगमधून दुसऱ्या विंगमध्ये, फार तर दोन गल्ल्या पलीकडे. अशा वेळी घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "अर्धं पाणी काढू, चौघं मिळून उचलू, पाच मिनिटांचं तर काम!" ऐकू नका. या खोलीतून त्या खोलीत न्यायची असली तरीही ऐकू नका.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण 56 लिटर पाणी मावतं. म्हणजे 56 किलो. खडे आणि काचा वेगळ्याच. पण खरी काळजी सांध्यांची आहे. काचा एकमेकींना सिलिकॉनने चिकटवलेल्या असतात. स्टँडवर असताना तळाच्या काचेला खालून आधार असतो. दोन टोकांनी उचलली की ती मधोमध वाकते, आतलं पाणी हेलकावे खातं आणि सगळा ताण सांध्यांवर येतो. टाकी लगेच फुटेलच असं नाही. कधी कधी नव्या घरी भरल्यावर एखाद्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी यायला लागतं.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे फिल्टरचा स्पंज. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. काही जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू पाण्यात अगदी थोडे असतात. त्यांची वस्ती स्पंजवर आणि खड्यांवर. मी पहिल्यांदा टाकी हलवली तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. हलवतोच आहोत तर साफ करू म्हणून स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालेलं आणि सगळे गप्पी वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. त्यातले चार गेले. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन या जिवाणूंना मारतं, एवढं आधी कळलं असतं तर ते वाचले असते.

आदल्या दिवशी

माशांचं खाणं बंद करा. निरोगी, वाढलेल्या माशांना एक दिवसाचा उपास सोसतो आणि बादलीतलं पाणी कमी घाण होतं. नवी जागा आधीच तयार ठेवा: थेट ऊन येणार नाही अशी, स्टँड न डुगडुगणारा, पाणसळ लावून तपासलेला. वर थर्मोकोलचा सपाट तुकडा टाका. नव्या घरी नगरपालिकेचं पाणी आहे की बोअरचं, हेही विचारून घ्या. बोअरचं पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं, आणि तो बदल माशांना एकदम झेपत नाही. साबण कधीही न लागलेल्या झाकणाच्या बादल्या, 20 लिटरचे जार, लांब नळी आणि बॅटरीवरचा एअर पंप जमवा.

हलवताना

सगळे प्लग काढा. हीटर मात्र पंधरा-वीस मिनिटं पाण्यातच निवू द्या. गरम हीटर बाहेर काढला तर तडकतो. नळीने वरचं स्वच्छ पाणी जारमध्ये आणि माशांच्या बादलीत भरा. मग शोभेच्या वस्तू आणि झाडं काढा. झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळली की ताजी राहतात. मासे पकडायची घाई करू नका. पाणी वीतभर उरलं की दमवणारा पाठलाग न होता ते जाळीत येतात. सकर माशाचे काटे जाळीत अडकतात, त्याला डब्यात घ्या. फायटर मासा वेगळा ठेवा. फायटर आणि गुरामी वर येऊन हवाही घेतात, म्हणून बादली काठोकाठ भरू नका. झाकण हवंच, घाबरलेले मासे उडी मारतात.

स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून उघड्या डब्यात न्या. घट्ट झाकलं तर प्राणवायूअभावी जिवाणू मरतात.

खडे मासे काढल्यावरच हलवा. तळाशी साचलेली घाण ढवळली की कधी सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास, माशांना घातक. खडे टाकीच्या उरलेल्या पाण्यात हलकेच खळबळून घ्या आणि ते पाणी फेकून द्या. आता रिकामी टाकी दोघांनी तळाखाली हात घालून उचला, वरच्या कडेला धरून कधीच नाही. रिक्षात न्यायची असेल तर खाली जाड गोधडी.

पुन्हा मांडताना

खडे पसरा, त्यावर एक ताटली ठेवा आणि जुनं पाणी ताटलीवर सावकाश ओता, म्हणजे खड्डे पडत नाहीत आणि गढूळही होत नाही. उरलेली जागा अँटी-क्लोरीन घातलेल्या, तेवढ्याच उबदार पाण्याने भरा. फिल्टर लगेच सुरू करा, हीटर पूर्ण बुडाल्यावरच. वायरींना सॉकेटच्या खाली झोळ द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत न जाता झोळावरून खाली गळतं. सांध्यांवरून कोरडा कागद फिरवून गळती तपासा. बादलीत टाकीतलं पाणी थोडं थोडं मिसळत अर्ध्या तासाने मासे सोडा.

त्या दिवशी दिवा लावू नका. दुसऱ्या दिवशी चिमूटभरच खाणं. रंग फिका पडणं, कोपऱ्यात दडून बसणं एक-दोन दिवस चालतं; पण मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर लगेच अमोनिया तपासा आणि पाव हिस्सा पाणी बदला. दोन आठवडे ही तपासणी एक दिवसाआड करा, आणि तोवर नवा मासा आणू नका.