पाच माणसं, तीन भेटी : बडोद्यात पोर्ट्रेटचा पोर्टफोलिओ कसा तयार करावा

फोटोग्राफीच्या प्रवेशासाठी पोर्टफोलिओ तयार करणारी ओळखीतली मुलं-मुली अधूनमधून घरी येतात आणि लॅपटॉप उघडून फोटो दाखवतात. मांडवीच्या दरवाजाखाली बसलेले सुरकुतलेले आजोबा, फुगेवाल्याचं हसरं पोरगं, विडी ओढणारा साधू. फोटो वाईट नसतात. मात्र मी विचारतो, "आजोबांचं नाव काय?" आणि पुढे शांतता.

पाच सेकंद पाहिलेल्या पंचवीस चेहऱ्यांपेक्षा पाच माणसांकडे तीन-तीनदा जाऊन काढलेले फोटो निवड करणाऱ्याला तुमच्याबद्दल बरंच जास्त सांगतात. त्यामुळे खालच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत. हाताशी तीन-चार महिने ठेवा.

पहिली पायरी : माणसं ठरवा

सुरुवात घरातून करा. आजी, आत्या, शेजारच्या काकू, जी कोणी तुम्हाला कंटाळून हाकलून देणार नाही ती. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याच्या बाजूला जुन्या वाड्यात राहणारं एखादं मराठी घर तुमच्या ओळखीत असेलच. तिथल्या ओटीवर दुपारी चार वाजता काय चालतं, हे बाहेरच्या फोटोग्राफरला कधीच कळणार नाही. तुम्हाला ते न शोधता मिळतं.

दुसरं माणूस कामावरचं घ्या. खंडेराव मार्केटच्या मागच्या बाजूला फुलं आणि भाजी विकणाऱ्यांपैकी कोणी, शिंपी, सायकल दुरुस्त करणारा, सेव-उसळीच्या गाडीवरचा. तिसरं तुमच्याच वयाचं, कारण मुलं समवयस्कांचे फोटो सेल्फीपलीकडे काढतच नाहीत. चौथं आणि पाचवं तुमच्या मनाने. त्यातलं एक तरी असं असू दे की ज्याला फोटो काढून घेणं आवडत नाही.

दुसरी पायरी : आधी दुसऱ्यांचं काम बघा

बडोद्यात राहून पोर्ट्रेटसाठी फक्त इंस्टाग्राम चाळायचं म्हणजे विहिरीकाठी बसून बाटलीतलं पाणी विकत घेणं. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याने गायकवाडांसाठी रंगवलेली चित्रं आहेत. वही घेऊन जा आणि प्रत्येक चित्रात तीनच गोष्टी टिपा : नाकाची सावली कुठे पडली आहे, हात काय करत आहेत, नजर कुठे आहे. एका दुपारी दहा चित्रं पुरतात.

मग ज्योती भट्ट यांचे फोटो शोधा. १९३४ साली जन्मलेले हे चित्रकार, मुद्राचित्रकार आणि छायाचित्रकार सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला शाखेत शिकले आणि पुढे तिथेच त्यांनी शिकवलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गावोगाव फिरून त्यांनी भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, गोंदण यांचे फोटो काढले. त्यांतली माणसं आपण केलेल्या कामाजवळ उभी दिसतात. माणूस आणि त्याच्या हातचं काम एका फ्रेममध्ये कसं बसवायचं, हे तिथे शिकायला मिळतं.

तिसरी पायरी : लेन्सपेक्षा अंतर

कॅमेऱ्यावर फार वेळ घालवणार नाही. ५० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स स्वस्तात मिळते आणि पुरते. मोबाइल असेल तर दोन पट झूमवर काढा. मागचा भाग आपोआप धूसर करणारा मोड मात्र बंद ठेवा, तो आजींच्या सुट्या केसांना कात्री लावतो.

अंतराचं मात्र लक्षात ठेवा. चेहरा विद्रूप होतो तो जवळ गेल्यामुळे. मी शिकत होतो तेव्हा भाजीवाल्या एका माशींचा (गुजरातीत माशी म्हणजे मावशी) फोटो वाइड लेन्सने, हातभर अंतरावरून काढला होता. नाक बटाट्याएवढं, कान गायब. मला तो फारच कलात्मक वाटला. प्रिंट दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "आ हुं नथी." ही मी नव्हेच. तेव्हापासून चेहऱ्यासाठी निदान दीड मीटर लांब उभा राहतो.

चौथी पायरी : उजेड

बडोदं कर्कवृत्ताच्या जरासंच दक्षिणेला आहे. त्यामुळे जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. एप्रिल-मे महिन्यांतही अकरा ते चार उघड्यावर पोर्ट्रेट काढू नका. या वेळात दारात या. दाराच्या चौकटीच्या आत, दोन पावलांवर माणूस बसवा, तोंड बाहेरच्या उजेडाकडे. ऊन अंगावर नको, पण समोरचं उजळलेलं अंगण डोळ्यांत दिसायला हवं. पोळातल्या, म्हणजे जुन्या दाट वस्तीतल्या, अरुंद गल्लीत समोरची चुना लावलेली भिंत हेच काम फुकट करते.

खिडकीजवळ काढताना माणसाला खिडकीकडे पूर्ण तोंड करून बसवलं तर चेहरा सपाट होतो, आणि पूर्ण बाजूला वळवलं तर अर्धा अंधारात जातो. मधला कोन शोधायचा. खांदे खिडकीकडे ठेवून त्यांना हळूहळू मान तुमच्याकडे वळवायला सांगा. सावलीकडच्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उमटला की थांबा. ती बाजू फारच काळी वाटली तर टीव्हीच्या खोक्यातला पांढरा थर्माकोल पलीकडे धरायला भाच्याला उभं करा. ट्यूबलाइट मात्र बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड यांचे रंग वेगळे असतात, आणि ते त्वचेवर एकत्र आले की माणूस आजारी दिसतो.

उत्तरायणाला, १४ जानेवारीला, गच्चीवर असाल तर पतंगांचे फोटो काढत बसू नका. सगळं गाव मान वर करून उभं असतं, चेहऱ्यांवर आकाशाचा उजेड असतो आणि कॅमेऱ्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

पाचवी पायरी : परवानगी आणि तीन भेटी

दादासाहेब फाळके १८९० च्या सुमारास इथल्या कलाभवनात शिकले. पुढे त्यांनी बडोद्यात फोटोचा धंदा सुरू केला, तेव्हा कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि माणूस मरतो अशी अफवा पसरली आणि गिऱ्हाइकं येईनात, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. आज कोणी तसं मानत नाही. पण आपला चेहरा कोणीतरी न विचारता घेऊन जातंय हा राग तेव्हाही खरा असणार, आजही आहे.

म्हणून पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच ठेवा. फुलं घ्या, गप्पा मारा, निघताना विचारा. गुजरातीत फोटो 'पाडतात', आपण बडोदेकरही बोलताना तेच करतो : "माशी, तमारो फोटो पाडुं?" कशासाठी हवाय, कोण बघणार, हे सरळ सांगा. नाही म्हणाल्या तर नाही.

दुसऱ्या भेटीत काढा. तिसऱ्या भेटीत छापलेला फोटो हातात द्या आणि त्याच दिवशी पुन्हा काढा. हा तिसरा फोटो बहुतेक वेळा सगळ्यांत चांगला येतो. माणूस स्वतःला एकदा बघून झालेला असतो, तोंड आवळून बसत नाही.

प्रवेशासाठी किंवा प्रदर्शनात फोटो वापरणार असाल तर साध्या कागदावर, त्यांना वाचता येईल अशा भाषेत, नाव, तारीख आणि सही घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची सही हवी, मग ते मूल तुमच्या मावशीचं का असेना.

सहावी पायरी : प्रत्यक्ष फोटो

फोकस कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. शटर १/१२५ सेकंदापेक्षा सावकाश नको, हात हलवत बोलणाऱ्यांसाठी १/२५० बरं. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) वाढवावा लागला तर वाढवा. थोडा दाणेदारपणा चालतो, हललेले डोळे नाही चालत.

"हसा" म्हणू नका. काम करायला सांगा आणि मधेच नावाने हाक मारा. वर बघितल्या क्षणी दोन-तीन फोटो, मग कॅमेरा खाली. प्रत्येक माणसाचे तीन प्रकारचे फोटो काढा : जागेसकट लांबून, कमरेपासून वर आणि फक्त हात. आजींचे हात वाती वळताना काढाल ते फोटो, खात्रीने सांगतो, चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ बघितले जातील.

सातवी पायरी : निवड

इथे बहुतेक मुलं हरतात. पाच माणसांचे चार-पाचशे फोटो होतात, त्यातले साठ स्क्रीनवर आवडतात आणि मग एकही वगळवत नाही. साठांच्या चार बाय सहाच्या स्वस्त प्रिंट काढा, घरातल्या फरशीवर पसरा आणि आठवडाभर तशाच ठेवा. आईची बोलणी खावी लागतील. जाता-येता ज्याच्यावरून नजर नुसती सरकते तो उचला. पंधरा उरले की थांबा.

मेहनत आठवून फोटो ठेवू नका. पहाटे पाचला उठून काढला होता हे बघणाऱ्याला दिसत नाही. एकाच माणसाचे एकसारखे दोन असतील तर कमी 'सुंदर' असलेला ठेवून बघा, बऱ्याचदा तोच टिकतो.

क्रम लावताना पहिला आणि शेवटचा फोटो आधी ठरवा. मधे एका माणसाचे फोटो सलग ठेवले तर ओळख होते, विखुरले तर तेच माणूस पुन्हा भेटल्यासारखं वाटतं. दोन्ही करून बघा आणि फोटोशी संबंध नसलेल्या कोणालातरी दाखवा.

आठवी पायरी : छपाई आणि मजकूर

आठ बाय बारा इंच, मॅट कागद. नीट छपाईसाठी फाइल निदान २४०० बाय ३६०० पिक्सेलची हवी. चकचकीत कागदावर मुलाखतीच्या खोलीतली ट्यूब दिसते, माणूस दिसत नाही. ऑनलाइन पाठवताना संस्थेने मागितलेलाच आकार आणि मागितलेलीच संख्या. दहा मागितले तर दहाच.

फोटोखाली एक-दोन ओळी : नाव, काम, जागा, महिना. "आयुष्याच्या संध्याकाळी" वगैरे नको. "वाती वळताना, दांडिया बाजार, ऑगस्ट" एवढं पुरतं. आणि छापायला टाकताना प्रत्येक माणसासाठी एक जास्तीची प्रत काढा. ती पोर्टफोलिओ जमा करण्याआधी पोचवा. नंतर परीक्षा, मुलाखती, हॉस्टेल सुरू होतं आणि पाकीट कपाटातच राहतं.