क्रॉलरच्या लिंक बदलताय? या चुका टाळा

१/१० आरसी क्रॉलरच्या, म्हणजे दगडांवर चढणाऱ्या छोट्या रिमोट गाडीच्या, हार्ड बॉडी (कडक प्लास्टिकची कवचं) बऱ्याचदा ३१३ किंवा ३२४ मिमी व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) मिळतात. अ‍ॅक्सियल एससीएक्स१० टू सारख्या ३१३ मिमीच्या गाडीवर ३२४ ची बॉडी बसवायची, तर ११ मिमीसाठी लिंक, म्हणजे चाकांचा अ‍ॅक्सल चासीला धरून ठेवणारे दांडे, बदलाव्या लागतात. गाडी बिघडते ती इथेच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त खालच्या लिंक लांब टाकणं. मीही हेच केलं होतं. खालची लिंक लांबली की अ‍ॅक्सलचा खालचा भाग बाहेर ढकलला जातो, वरचा जागीच राहतो. अ‍ॅक्सल फिरतो आणि पिनियनचं (ड्राइव्हशाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरचं) तोंड जमिनीकडे झुकतं. गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणाऱ्या या ड्राइव्हशाफ्टचा कोन तीव्र होतो, जॉइंट कटकट आवाज करतात. दोन दिवसांतच माझा मागचा प्लास्टिक शाफ्ट पिळवटून तुटला. उपाय एकच: वरच्या लिंकही वाढवा. वरची लिंक लांब केली की पिनियन वर उचलतं. मागे बिनधास्त उचला, पुढे मात्र जपून. पुढचं पिनियन जास्त उचललं तर कॅस्टर (चाकं ज्या आसावर वळतात त्याचा मागे झुकाव) कमी होतो आणि गाडी सरळ धरत नाही. पुढे पिनियन आणि कॅस्टर यांत निवडायची वेळ आली, तर मी कॅस्टर राखतो.

लिंक मोजताना नळी मोजू नका. दोन्ही रॉड एंडच्या (लिंकच्या टोकांना फिरवून बसवलेल्या जोडांच्या) भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरने घ्या. डावी-उजवी जोडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळली पाहिजे, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका बसतो. रॉड एंड बाहेर फिरवत नेऊन लांबी मिळवायचा मोहही टाळा. एम३ आटे किमान ५-६ मिमी आत हवेत, नाहीतर पहिल्याच मोठ्या दगडावर ते निसटतात.

आता शाफ्टची लांबी. टेबलावर उभी गाडी पाहून ती ठरत नाही. चारही शॉक काढा आणि अ‍ॅक्सल हाताने पूर्ण खाली सोडा: सरकणाऱ्या शाफ्टचे दोन्ही तुकडे एकमेकांत पुरेसे गुंतलेले राहिले पाहिजेत. मग अ‍ॅक्सल पूर्ण वर दाबा: शाफ्ट तळाला टेकता कामा नये. टेकला, तर धक्का थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. शॉक काढलेलेच आहेत तर अ‍ॅक्सल तिरका पिळूनही बघा. कुठे अडकला, तर रॉड एंडची तोंडं एका पातळीत नाहीत. ती फिरवून जुळवा.

शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (जॉइंटचे दुहेरी काटे) एकाच रेषेत हवेत. एक जॉइंट प्रत्येक फेरीत दोनदा वेग वाढवतो-घटवतो, दुसरा तो फरक भरून काढतो. नव्वद अंशांनी चुकले की दोघांचा हिसका एकत्र येतो आणि हळू चालतानाही गाडी थरथरते. जोडताना हे तपासायला क्षणभर पुरे.

ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) शाफ्टच्या सपाट भागावरच बसवा. आटे आधी तेल काढून स्वच्छ करा, मग निळा थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एक थेंब. तो प्लास्टिकजवळ नेऊ नका, काही प्लास्टिकला तडे जातात.

पुढे पॅनहार्ड बार (अ‍ॅक्सल बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) असेल, तर स्टिअरिंगची ड्रॅग लिंक (सर्व्होपासून चाकाकडे जाणारा दांडा) त्याला समांतर आणि जमेल तितकी त्याच लांबीची ठेवा. एक टोक वर-खाली झालं तर सस्पेन्शन दबताच चाकं आपोआप वळतात. सर्व्हो (स्टिअरिंग वळवणारी मोटर) मध्यावर आणून ड्रॅग लिंक शेवटी जुळवा.